मुद्रेत राहिलेली नावे : वऱ्हाडातील श्रोते आणि त्यांचे वाग्गेयकार

हिंदुस्थानी संगीतात गीताचे शब्द आणि त्या शब्दांची स्वररचना ही दोन्ही अंगे जो एकट्याने निर्माण करतो, त्याला वाग्गेयकार म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात, राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात शब्दांना ‘मातु’ व स्वररचनेला ‘धातु’ अशी नावे देऊन वाग्गेयकारांची प्रतवारीही लावून दिली. दोन्ही अंगांत प्रवीण असलेला तो उत्तम, धातु सरस परंतु मातु दुबळी असलेला तो मध्यम, आणि मातु रम्य असूनही धातूत कमी पडणारा तो अधम, असा त्याचा निवाडा आहे. शिवाय दुसऱ्याच्या स्वररचनेवर आपले शब्द बसवणाऱ्याला त्याने ‘कुट्टिकार’ असे वेगळेच नाव दिले आहे. स्वर वर आणि शब्द खाली ही उतरंड ज्या काळी देवगिरीला मांडली गेली, त्या काळी वऱ्हाडही यादवांच्याच राज्यात होते. तरीही पुढील शतकांत अमरावती आणि अकोला या परिसरातील श्रोत्यांनी आपले आवडते रचनाकार निवडताना या निवाड्याला जवळजवळ उलटे केले, आणि तो उलटा क्रम कसा घडत गेला हे पाहिल्याखेरीज या प्रदेशाच्या सांगीतिक अभिरुचीचा इतिहास उलगडत नाही.

आवडता रचनाकार निवडणे ही कृती युरोपीय श्रोत्याला सोपी वाटते, कारण तेथे मोझार्ट किंवा बेटोव्हेन यांची रचना स्वरलिपीत संपूर्ण लिहिलेली असते आणि वादक बदलला तरी ती मूळ रूपात ओळखू येते. दक्षिण भारतातही त्यागराज (१७६७–१८४७), मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) आणि श्यामा शास्त्री (१७६२–१८२७) या त्रिमूर्तींच्या कृती पुष्कळशा बांधीव असल्यामुळे श्रोता गायकाइतकाच रचनाकाराचा चाहता असू शकतो. हिंदुस्थानी ख्यालाची बंदिश मात्र बहुधा चार ओळींची असते. तिचा पूर्वार्ध म्हणजे स्थायी आणि उत्तरार्ध म्हणजे अंतरा एवढाच काय तो मजकूर रचनाकाराकडून येतो आणि त्यानंतरचा तासाभराचा विस्तार गायक स्वतः घडवतो. त्यामुळे रचनाकाराचे नाव श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे मुद्रा, अर्थात अंतऱ्याच्या अखेरीस गुंफलेले त्याचे टोपणनाव. मोगल बादशहा मुहम्मद शाह (राज्यकाल १७१९–१७४८) याच्या दरबारातील नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ आणि त्यांच्या परिवारातील फिरोज खाँ यांनी ‘अदारंग’ या मुद्रा योजल्या, आणि दिल्लीपासून शेकडो कोस दूर असलेल्या, दिल्ली कधी न पाहिलेल्या श्रोत्यांच्या कानांवर ही नावे आजही पडत असतात. मूळ नावापेक्षा मुद्रा अधिक काळ टिकावी, ही या परंपरेने रचनाकाराला दिलेली फार मोठी देणगी आहे.

वऱ्हाडात ख्यालगायन उशिरा आणि वळसा घेऊन आले, याचे कारण आश्रयदात्यांच्या अभावात शोधावे लागते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा किंवा कोल्हापूर येथे दरबारांनी गवयांना वेतन देऊन पिढ्यान्‌पिढ्या पोसले. वऱ्हाडात अचलपूर ही इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी असली तरी त्यानंतरच्या काळात हा मुलूख बाहेरच्या सत्तांचा सुभा म्हणूनच राहिला. १८५३ साली निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला, १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला, आणि या सबंध काळात कलावंताला कायमचा आधार देईल असे सिंहासन येथे नव्हते. येथे होता तो कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. आणि सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या, वकिलांचे वाडे यांनी अकोला व अमरावती ही शहरे भरून गेली. या नव्या संपन्न वर्गाला गवई पदरी बाळगण्याची सवय नव्हती, परंतु तिकीट काढून नाटक पाहण्याची हौस मात्र होती, आणि रेल्वेमुळे पुण्या-मुंबईची नाटक मंडळी बिऱ्हाडासह या प्रांतात येऊ शकत होती. म्हणून रागसंगीताची गोडी येथील मध्यमवर्गाला दरबाराने नव्हे, तर मोठ्या प्रमाणावर रंगभूमीने लावली.

या रंगभूमीप्रेमाचा सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणून गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांचे नाव घ्यावे लागते. लोकमान्य टिळकांचे सहकारी, अमरावतीचे नामवंत वकील आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्ष ही त्यांची राजकीय ओळख सर्वपरिचित आहे, परंतु १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते, ही गोष्ट वऱ्हाडातील अभिरुचीच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे. राजकारणातील पुढारी नाटकाचाही पुढारी असू शकतो, किंबहुना त्याने तसे असावे, ही त्या काळच्या अमरावतीची धारणा होती, आणि तिची फळे पुढच्या पिढीत दिसली.

संगीत नाटकातील पद कसे तयार होई, हे येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण रचनाकार या व्यक्तीची जाणीव सर्वसामान्य मराठी श्रोत्याला त्यातूनच झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांच्या काळी नाटककार बहुधा एखादी प्रचलित चाल मनात धरून तिच्या मापाने पद लिहीत असे, आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ती चाल कोणत्या गीताची आहे याचा उल्लेख केलेला असे. कीर्तनातील साकी-दिंडी, कानडी पदे, लावण्या, हिंदुस्थानी चिजा अशा अनेक ठिकाणांहून या चाली येत. शार्ङ्गदेवाच्या भाषेत बोलायचे तर हे नाटककार कुट्टिकार ठरतात, परंतु मराठी श्रोत्याने त्यांना कधीही गौण मानले नाही, कारण त्याला आधी शब्द हवे होते, आणि चाल ओळखीची असली तर शब्द लवकर पोहोचत. चित्र बदलले ते १९११ च्या ‘मानापमान’पासून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी चालींची स्वतंत्र योजना केली आणि संगीत देणारा हा वेगळा, नावाने ओळखला जाणारा कलावंत असतो, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसले. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचे तेज नाट्यपदांत उतरवले, आणि त्यानंतर टेंब्यांची चाल सरस की बुवांची, असा वाद रसिकांना रंगवता येऊ लागला. आवडता रचनाकार निवडण्याची मराठी परंपरा खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

अमरावतीने या परंपरेत केवळ प्रेक्षकाची भूमिका घेतली नाही. स्वातंत्र्यसैनिक व नाटककार वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) हे अमरावतीचे. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने गाजवले, आणि ‘रणदुंदुभि’ हे नाटक १९२७ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. ‘रणदुंदुभि’च्या पदांना चाली दिल्या त्या रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांनी, आणि या निवडीचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. वझेबुवा सावंतवाडी भागातून निघून ग्वाल्हेरला पोहोचलेले, तेथे निसार हुसेन खाँ यांच्याकडे कष्टाने विद्या मिळवलेले गवई होते; जोरकस आवाज, अनवट रागांची ओढ आणि लयीची आक्रमक हाताळणी ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये होत. पारतंत्र्याची चीड व्यक्त करणाऱ्या वामनरावांच्या शब्दांना बालगंधर्वी लडिवाळ चाल पेलली नसती. वझेबुवांच्या उसळत्या स्वररचनेने आणि दीनानाथांच्या पल्लेदार, झेप घेणाऱ्या आवाजाने त्या शब्दांना जे धारदार रूप दिले, त्यामुळे शंभर वर्षे होत आली तरी ती पदे मैफिलींत गायली जातात. मातु अमरावतीची, धातु ग्वाल्हेरची आणि गळा गोमंतकाचा असा हा योग होता. नाटकाची संहिता आज फारशी कुणी उघडत नसले तरी पदे जिवंत आहेत, आणि ती ज्याने स्वरबद्ध केली त्या वझेबुवांचे नाव मात्र गाणाऱ्या गायकांच्या नावांमागे झाकले गेले आहे, ही उपेक्षा दूर होणे अगत्याचे आहे.

नाटक शहरांपुरते होते. खेड्यापाड्यांतील वऱ्हाडी माणसाचा रचनाकार कीर्तनात आणि भजनात होता, आणि तेथे मुद्रेची प्रथा ख्यालापेक्षाही जुनी व अधिक परिचित होती, कारण अभंगाच्या शेवटी येणारे संताचे नाव हीच त्याची मुद्रा होय. अमरावती जिल्ह्यातील माधान येथील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे अवघ्या नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गमावून बसले, तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तत्त्वज्ञानापासून संगीतापर्यंतच्या विषयांवर विपुल ग्रंथरचना केली आणि अभंग, पदे यांचा मोठा संग्रह मागे ठेवला. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानणाऱ्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने ‘ज्ञानेश्वरकन्या’ हेच नाव आपल्या रचनांना जोडले. पुरुष रचनाकाराने कन्येच्या नात्याने मुद्रा धारण करावी, हे मुद्रेच्या सबंध इतिहासात विरळच उदाहरण आहे, आणि त्यातून रचनाकाराचे नाव म्हणजे केवळ कर्तृत्वाची खूण नसून नात्याची कबुली असू शकते, हे दिसते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी याच्या उलट मार्ग पत्करला. शेणगावात जन्मलेल्या या महापुरुषाने स्वतःच्या मुद्रेचा आग्रह कधी धरला नाही. त्यांच्या कीर्तनात तुकोबा आणि कबीर यांची वचने येत आणि साऱ्या जनसमुदायाने मिळून गावे असे साधे नामगजर होत. आपला आवडता रचनाकार निवडून त्याच्याच शब्दांना आयुष्य वाहणे, हीसुद्धा एक निर्मितीच असते, याची त्यांच्याइतकी भक्कम साक्ष दुसरी मिळणे कठीण.

या परंपरेचे विसाव्या शतकातील सर्वांत व्यापक रूप राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या भजनांत दिसते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ हे नाव दिले, आणि तेच नाव पुढे ‘तुकड्यादास’ या रूपाने त्यांच्या मराठी व हिंदी भजनांची मुद्रा झाले. खंजिरी, म्हणजे एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायचे, कडेला झांजा असलेले लहान चर्मवाद्य, हे त्यांचे प्रमुख साधन होते, आणि त्या एका वाद्याच्या जोरावर ते हजारोंच्या सभेला लयीत बांधून ठेवीत. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली आणि तेथून सामुदायिक प्रार्थना व खंजिरी भजनी मंडळे गावोगाव पसरली. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांचा लोकांवरील परिणाम ओळखून सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. शास्त्रकारांच्या फुटपट्टीने मोजले तर या भजनांची धातु साधी आहे, चाली थोड्या स्वरांत फिरतात आणि ताल बहुधा केरव्यासारखे सोपे असतात. परंतु ज्या रचना तालमीविना, एकदा ऐकून, हजार माणसांना एकत्र गाता येतात त्यांचे स्वरशिल्प साधे असणे हा दोष नव्हे, तर हेतूची अचूक जाण आहे, आणि या ठिकाणी शार्ङ्गदेवाची प्रतवारी अपुरी पडते असेच म्हटले पाहिजे. वऱ्हाडातील एखाद्या शेतकऱ्याला त्याचा आवडता रचनाकार कोण असे विचारले, तर तो सदारंगाचे नाव न घेता तुकडोजी महाराजांचे घेईल, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कसोटीवर कमी प्रतीचे नाही.

शाळा आणि परीक्षा यांनी या चित्रात आणखी एक थर चढवला. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांच्या कुलुपात असलेल्या बंदिशी मिळवून, स्वरलिपीबद्ध करून, ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत मराठीतून प्रसिद्ध केल्या आणि रागाची लक्षणे सांगणाऱ्या स्वतःच्या गीतांत ‘चतुर’ ही मुद्रा योजली. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यपरंपरेने १९३१ नंतर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे जाळे उभारले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी जाणाऱ्या या परीक्षांमुळे, ज्या गावात उस्ताद कधी आला नव्हता तेथील मुलामुलींच्या वहीतही सदारंगाची बंदिश पोहोचली. तरी वहीतील बंदिशीत आवडीला वाव कमी असतो. अभ्यासक्रमात लागलेली चीज विद्यार्थी पाठ करतो, तिच्या रचनाकाराला निवडत नाही. ती उणीव काही अंशी ध्वनिमुद्रिकांनी आणि १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणी केंद्राने भरून काढली.

अकोल्याचे नाव मात्र हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात वेगळ्याच मार्गाने येते. इंदूर घराण्याचे प्रवर्तक मानले जाणारे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे जन्मस्थान काही चरित्रलेखकांनी अकोला असे दिले आहे, तर काहींनी हरियाणातील कलानौर. त्यांचे बालपण व शिक्षण इंदुरात झाले, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे होळकर दरबाराशी संबंधित सारंगिये व बीनकार होते. अमीर खाँ यांनी आपले गाणे घडवताना जी निवड केली तीच येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण एका घराण्याची शिदोरी निमूट स्वीकारण्याऐवजी त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून अतिविलंबित बढत, देवासच्या रजब अली खाँ यांच्याकडून तानेची झेप आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्याकडून मेरुखंडाची दृष्टी घेतली. मेरुखंड म्हणजे ठरावीक स्वरांच्या सर्व शक्य क्रमवारींचा पद्धतशीर विचार. चार स्वरांच्या २४ आणि सात स्वरांच्या ५,०४० अशा क्रमवारी होतात, आणि त्यांची मांडणी खुद्द शार्ङ्गदेवानेही खंडमेरू या नावाने दिलेली आहे. अमीर खाँ यांनी स्वतः ‘सुररंग’ या मुद्रेने बंदिशी बांधल्या आणि तराण्यातील वरवर निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांमागे फारसी अर्थ दडलेला आहे, अशा धारणेने तराण्यांत फारसी काव्याचा अंतर्भाव केला. ज्यांच्या ख्यालात शब्द जवळजवळ विरून जातात अशी टीका होत असे, त्याच गायकाने तराण्यात अर्थ शोधावा, ही त्यांच्या रचनाकारवृत्तीची खरी ओळख आहे.

अमीर खाँ यांच्या अकोल्यातील जन्माबद्दल दुमत असले तरी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला, याबद्दल ते नाही. यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्यांचे हे जंक्शन लहानपणीच सोडून ते आईसोबत नागपूरला गेले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात बालकृष्णाच्या भूमिकेत झळकले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा, सुरेशबाबू माने यांच्याकडून किराण्याची तालीम, वझेबुवांकडून ग्वाल्हेरची आणि अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजारची विद्या त्यांनी मिळवली, आणि या सर्वांवर दीनानाथांच्या गायकीचे अढळ प्रेम होते. वझेबुवा आणि दीनानाथ हे ‘रणदुंदुभि’चे दोन्ही शिल्पकार वसंतरावांच्या गळ्यात एकत्र आले, हा अमरावतीच्या एका नाटकाचा मूर्तिजापूरच्या एका गायकाशी जुळलेला दुवा आजवर पुरेसा अधोरेखित झालेला नाही.

त्याहून विलक्षण दुवा अमान अली खाँ (१८८८–१९५३) यांचा आहे. ‘अमर’ या मुद्रेने बंदिशी रचणारे हे भेंडीबाजार घराण्याचे गायक मुंबईत राहून दाक्षिणात्य संगीताचा डोळस अभ्यास करीत होते; सरगमची कर्नाटकी धाटणी त्यांनी ख्यालात आणली आणि मुथुस्वामी दीक्षितर यांचे वडील रामस्वामी यांच्या नावावर सांगितला जाणारा हंसध्वनी राग हिंदुस्थानी मैफिलीत रुजवण्यात त्यांच्या बंदिशींचा मोठा वाटा होता. स्वभावाने, आवाजाने आणि गायकीने परस्परांपासून अत्यंत भिन्न असलेले अमीर खाँ आणि वसंतराव हे दोघेही या एका रचनाकाराकडे ओढले गेले. अमीर खाँ यांनी त्यांच्यातून गणिती शिस्त आणि संथ गांभीर्य उचलले, तर वसंतरावांनी सरगमचा खेळकर, चपळ वापर आणि अनपेक्षित वळणांचे धाडस. बंदिशीचा रचनाकार स्वतः प्रसिद्धीच्या झोतात नसतानाही दोन टोकांच्या गायकांना एकाच वेळी पुरून उरतो, यात त्याच्या थोरवीचे माप दिसते.

वसंतरावांची कीर्ती सर्वदूर पसरली ती २४ डिसेंबर १९६७ रोजी पहिला प्रयोग झालेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तर संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते, जे मैफिलीच्या बंदिशी ‘श्यामरंग’ या मुद्रेने बांधीत असत. गायकी ही कुणाची मालमत्ता आणि ती परक्याला द्यावी की नाही, हाच नाटकाचा विषय असल्यामुळे दोन घराण्यांची दोन भिन्न स्वरचित्रे उभी करणे संगीतकाराला भाग होते, आणि अभिषेकींनी खाँसाहेबांच्या पदांसाठी जी आक्रमक, पेचदार रचनाशैली निवडली ती वसंतरावांच्या गळ्याचा पुरता अंदाज घेऊनच निवडली होती.